हत्तीच्या नातीचं हसू

गुमेडेसाहेबांचा निरोप आला तेव्हा मायन्झाचे हात कोपरापर्यंत पिठात होते. हात धुऊन ऑफिसात या, एवढाच निरोप. एरवी साहेबांना काही हवं असलं की ते स्वतःच स्वयंपाकघरात येत, ओट्याला टेकून इकडचं तिकडचं बोलत आणि जाता जाता भट्टीतला एक गरम पाव लंपास करत. नऊ वर्षांत त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं होतं ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा कुणीतरी मेलं होतं.

या वेळीही मेलं होतंच कुणीतरी. साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक भला मोठा हत्ती कुशीवर पडलेला होता. त्याच्या कानावर एका बाईचा हात होता. बाईच्या डोक्यावर रिकामं घमेलं, आणि तोंड एवढं उघडं की मागची पडलेल्या दाढेची जागासुद्धा दिसावी. बाई हसत होती. तोंडदेखलं नव्हे, अगदी पोटातून.

"ह्या तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं.

"मीच. दाढ ओळखीची आहे," मायन्झा म्हणाली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळं नीट सांगितलं. मूळ फोटो शिकाऱ्याचा होता. परदेशातला माणूस, घरांची छपरं घालण्याच्या धंद्यात पैसा केलेला. मेलेल्या हत्तीपुढे बंदूक घेऊन बसला आणि फोटो जगाला दाखवला. जगानं त्याला शिव्या दिल्या. पण बंदूकवाला गोरा माणूस दुष्ट असतो हे जगाला पाठच होतं, त्यात काही नवल राहिलं नव्हतं. मग कुणाला तरी फोटोच्या कोपऱ्यात हसणारी ही बाई दिसली. त्यानं शिकाऱ्याला कापून टाकलं आणि बाईला मोठं केलं. आणि आणखी कुणाला आठवलं की हीच बाई तळ्याकाठच्या लॉजच्या जाहिरातीत पावांचा ट्रे घेऊन उभी आहे, खाली लिहिलंय, "आमची लाडकी मायन्झा". मेलेला हत्तीही त्याच लॉजवर येणारा, पाहुण्यांचा लाडका, हेही जुन्या पाहुण्यांनी ओळखलं. झालं. चाळीस हजार लोकांनी तीन दिवसांत तिच्यावर तोंडसुख घेतलं होतं.

त्यातलं थोडं तिनं स्वतः वाचलं. इंग्रजी तिला बरं यायचं. कुणी राक्षसीण म्हटलं होतं, कुणी रक्तपिपासू. एकीनं लिहिलं होतं, हिच्या पोरांना हत्तीनं तुडवावं म्हणजे हिला कळेल. लिहिणारीच्या नावाशेजारी मांजराच्या पिल्लाचं चित्र होतं. मायन्झानं ते वाक्य दोनदा वाचलं आणि तिच्या कानशिलात गरम झालं.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. लॉजचे मालक लांबच्या शहरात बसतात आणि ते घाबरलेत. लोक एकामागून एक खोल्या रद्द करतायत. गुरुवारी दुपारपर्यंत मायन्झानं पाण्याकाठी उभं राहून दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि माफी मागायची. नाही केला तर तिला ठेवता येणार नाही. हे सांगताना साहेब टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता. बुलावायो शहरातला, शिकलेला, बायकोमुलं तिकडे ठेवून इथल्या उन्हात एकटा राहणारा.

"माफी कशाची मागू?" तिनं विचारलं. "मारल्याची की हसल्याची?"

"मारलं त्या शिकाऱ्यानं. त्याच्याशी तुमचा काय संबंध? तुम्ही फक्त हसल्याची मागा."

तिथंच घोडं अडलं. मारल्याची माफी मागा म्हणाले असते, तर तिनं कदाचित विचार तरी केला असता.

आता त्या हत्तीचं सांगायला हवं. लॉजवर त्याचं नाव होतं सर आल्बर्ट. ते नाव कुणा पाहुण्यानं ठेवलं होतं आणि मग सगळ्यांच्या तोंडी बसलं. कोरड्या दिवसांत तो सकाळी स्वयंपाकघरामागच्या झाडांखाली शेंगा वेचायला यायचा, एकेक शेंग सोंडेनं उचलून, म्हातारा माणूस चष्मा शोधतो तसा. पाहुणे चहाचे कप हातात धरून श्वास रोखून बघत. लॉजपासून दोन मैलांवर रस्ता. रस्त्याच्या अलीकडे फोटो काढायची जागा, पलीकडे गावाचं रान, तिथं वर्षाला ठरलेल्या संख्येनं शिकार चालते आणि मांस गावाला मिळतं. हत्तीला पाट्या वाचता येत नाहीत. तो दोन्हीकडे फिरायचा, आणि पलीकडे त्याचं नाव होतं कणगीफोड्या.

पाच वर्षांत त्यानं अकरा कणग्या फोडल्या होत्या. पाण्याचा हातपंप उपटून टाकला होता, आतलं पाणी शोधायला. पण लॉजवरच्या कुणाला कणगीफोड्या ठाऊक नव्हता, आणि गावात कुणी सर आल्बर्टचं नाव ऐकलं नव्हतं. दोघं एकच आहेत हे फक्त मायन्झाला ठाऊक होतं, कारण तीच एकटी सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे असायची. त्याच्या मागच्या डाव्या पायाला आडवी भेग होती. ठशात ती स्पष्ट उमटायची. असा ठसा स्वयंपाकघरामागच्या धुळीत तिनं शंभरदा पाहिला होता. आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ओढ्याकाठच्या भोपळ्यांच्या वेलांत, चोल्वेच्या अंगावरच्या चिटाच्या कापडाशेजारी, तोच ठसा पाहिला.

चोल्वे सतरा वर्षांची होती. रात्रभर माळ्यावर बसून शेत राखलं आणि उजेड झाल्यावर आता भीती नाही म्हणून खाली उतरली. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. तिला पुरताना तिच्या आईनं कापड उघडून कुणाला बघू दिलं नाही.

चोल्वेची आई आणि मायन्झा यांचं नातं थट्टेचं. मायन्झाचं कूळ हत्तीचं, आईकडून आलेलं. त्या कुळातली माणसं हत्तीचं मांस खात नाहीत, हत्तीला आजोबा म्हणतात. चोल्वेची आई शेळीच्या कुळातली. हत्ती आणि शेळी यांच्यात वाडवडिलांपासून थट्टा चालत आलेली. शेळीनं हत्तीला चारचौघांत काहीही म्हणावं, तिच्या अंगणातली कोंबडी उचलून न्यावी, हत्तीनं रागवायचं नाही. हत्तीनंही तेच करावं. आणि एका घरात मरण आलं की दुसऱ्या कुळानं तिथं जाऊन वेडेवाकडे चाळे करायचे, मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्याला चिडवायचं. घरातलं कुणीतरी हसेपर्यंत. हसू फुटल्याशिवाय दुःख त्या घरातून हलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. दोन्ही बायकांनी एकमेकींच्या घरची अशी कितीतरी मरणं हलकी केली होती. मायन्झाचा बाप गेला तेव्हा चोल्वेची आई त्याची टोपी घालून, त्याच्यासारखी खोकत, उधार तंबाखू मागत घरभर फिरली होती.

चोल्वेच्या वेळी पाळी मायन्झाची होती. ती गेलीही. अंगणात उभी राहिली, सगळे तिच्याकडे बघू लागले. तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. हत्तीच्या नातीनं तिथं काय थट्टा करायची? ती तशीच मागे फिरली आणि घरी येऊन दार लावून बसली.

तेव्हापासून चोल्वेची आई तिच्याशी मानानं वागू लागली. भांडली नाही, तोंडही फिरवलं नाही. वाटेत भेटली की बाजूला होऊन वाट द्यायची, हात जोडून खुशाली विचारायची. तेरा महिने. भांडण परवडलं असतं, असं मायन्झा नवऱ्याला म्हणाली होती. नवरा म्हणाला, बोलते ना चांगली, मग झालं तर. पुरुषांना यातलं काही कळत नाही.

म्हणून, या वर्षी शिकाऱ्याला कुठला हत्ती द्यायचा याची बैठक चिंचेखाली बसली तेव्हा मायन्झा उठून उभी राहिली. माग काढणारी माणसं म्हणत होती, मोठे सुळे दिसले की झालं, हत्ती हत्तीच. मायन्झा म्हणाली, नाही, एकच द्यायचा. मागच्या डाव्या पायाला भेग असलेला. तो कुठं पाणी पितो, कुठल्या वाटेनं येतो, मी दाखवते. तिचा मामा तिथंच होता, हत्तीच्या कुळातला सगळ्यांत मोठा माणूस. लोक त्याच्याकडे बघू लागले. मामा बराच वेळ काठीनं जमीन उकरत बसला आणि मग म्हणाला की आजोबा झाला म्हणून त्याला पोरी मारायचा परवाना मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मायन्झानं ठसा दाखवला.

शिकारी आला, त्यानं गोळी घातली. त्याला हत्ती हवा होता, गावाला तो हत्ती नको होता, जमलं. त्या माणसाबद्दल मायन्झाला ना प्रेम ना राग. गॉगल पुसत उभा होता आणि घामेजला होता. बायका घमेली आणि कुऱ्हाडी घेऊन जमल्या. मायन्झाला मांस घ्यायचं नव्हतंच, ती शेजारणीचं घमेलं सांभाळत हत्तीच्या डोक्याशी उभी राहिली आणि त्याच्या कानावर हात ठेवला. कान अजून गरम होता. तिला वाईट वाटलं. पुष्कळ वाईट वाटलं, उगाच नाही कशाला म्हणा. सहा वर्षं ती त्याला बघत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गं, सख्खा आजा मेला आणि डोळ्यांत टिपूस नाही? निर्लज्ज कुठली. रडता येत नसेल तर सांग, मी बसते रडायला. पण माझी मजुरी तुला परवडायची नाही. त्याचं एक अख्खं ढुंगण लागेल."

चोल्वेची आई होती. तेरा महिन्यांनी. आणि मायन्झा हसली. हत्तीच्या नातीचं दुःख हलकं करायला शेळी आली होती, जिची लेक त्याच हत्तीनं मारली होती. चोल्वेची आई स्वतः हसली नाही, कुऱ्हाड खांद्यावर टाकून मांसाकडे गेली. पण मायन्झाला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली, आणि त्या हसण्याचा कुणीतरी फोटो काढला.

हसल्याची माफी मागा, म्हणत होते साहेब.

बुधवारी सकाळी इंग्रिडबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. उत्तरेकडच्या कुठल्या थंड देशातल्या निवृत्त शिक्षिका, सातव्यांदा आलेल्या. गावच्या शाळेला दर वर्षी पेन्सिली आणायच्या, मायन्झाच्या मुलांची नावं त्यांना पाठ होती. डोळे रडून सुजले होते. त्या म्हणाल्या, मला झोप आली नाही, तुझ्या हातचा पाव गिळवेना, तरी तुझा राग करता येत नाही. मुक्या जिवाला आवाज नसतो, त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं.

मायन्झाला आई आठवली. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा आई आठ वर्षांची होती. नदीकाठची सगळी गावं लॉऱ्यांत भरून या दगडाळ टेकड्यांवर आणून ओतली. मग पाण्यानं वेढलेल्या बेटांवर जनावरं अडकली, तर त्यांना सोडवायला नावा आल्या. दोर काचू नयेत म्हणून परदेशातल्या बायकांनी आपले पायमोजे पाठवले, त्यांचे दोर वळून हरणांचे पाय बांधले. आई म्हणायची, आमच्यासाठी कुणी रुमालसुद्धा नाही पाठवला. मुक्या जिवांच्या बाजूनं बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. हे सगळं मायन्झाच्या जिभेवर आलं, पण समोरची बाई रडत होती आणि वयानं मोठी होती. ती पीठ मळत राहिली.

"तू त्याचं मांस खाल्लंस?" इंग्रिडबाईंनी भीत भीत विचारलं.

"नाही. आम्हाला चालत नाही. आमचं कूळच हत्तीचं. तो आमचा आजोबा लागतो."

इंग्रिडबाईंचा चेहरा असा उजळला की मायन्झा दचकलीच. बाईंनी तिचे पिठाचे दोन्ही हात धरले, पुन्हा रडल्या, आणि तडक ऑफिसात गेल्या. तासाभरात गुमेडेसाहेब स्वतः स्वयंपाकघरात आले, ओट्याला टेकले, पाव उचलला. हातात एक कागद होता.

"हे आधी का नाही सांगितलंत? यात माफी कमी आणि कहाणी जास्त. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील बघा."

कागदावर लिहिलं होतं की मी हत्तीच्या कुळातली बाई आहे. हत्ती माझा आजोबा आहे. मी त्याचं मांस कधी खाल्लं नाही, खाणार नाही. त्या दिवशी मी आतून रडत होते, आणि जे हसू दिसलं ते माझं दुःखच होतं. आमचं गाव गरीब आणि भुकेलं आहे, म्हणून आम्ही ही हत्या थांबवू शकलो नाही. मला क्षमा करा.

मायन्झानं कागद घडी करून कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधला. चिडावं तर चिडायला जागा नव्हती. खोटं म्हणावं तर एकेक वाक्य खऱ्याला घासून गेलेलं. मोठी मुलगी बिंगा गावच्या शाळेच्या वसतिगृहात, धाकटा पुढच्या वर्षी जाणार. नवऱ्याच्या नावेचं इंजिन सहा महिने बंद. बोलून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, यात कुणाचं काय जातंय, असं ती गावाकडे जाताना वाटभर स्वतःला समजावत होती. पण घरी न जाता तिचे पाय चोल्वेच्या आईकडे वळले.

ऊन अजून होतं. चोल्वेची आई दारात बसून भोपळ्याचा हुक्का ओढत होती.

"आली हत्तीण. जरा हळू, अंगण खचेल," ती धुरातून म्हणाली.

मायन्झानं हसून कागद काढला आणि सगळं सांगितलं. मग कागद आपल्या भाषेत वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चोल्वेच्या आईनं मध्ये एकदाही टोकलं नाही.  वाचून झाल्यावर ती हुक्का भिंतीला टेकवून उठली, आतून नवी चटई आणली, झटकून अंथरली. पितळी पेल्यात पाणी आणलं आणि परक्या पाहुण्याला देतात तसं, गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी पुढे केलं.

"पाणी घ्या. उन्हातून आलात," ती म्हणाली. "चांगलं लिहिलंय. बोलून टाका तुम्ही. मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे."

आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. मायन्झा चटईवर बसली, कारण अंथरलेल्या चटईवर न बसणं म्हणजे अपमान. पाणी प्यायली, तेही त्याच कारणानं. चोल्वेची आई समोर मान खाली घालून बसली आणि घरी सगळे बरे आहेत ना, विचारू लागली. मायन्झाला तिथं पाच मिनिटंही बसवेना.

गुरुवारी सकाळी ती धुतलेला ॲप्रन घालून धक्क्यावर उभी राहिली. मागे करिबा धरणाचं पाणी, त्यात बुडालेल्या झाडांची वाळकी टोकं. गुमेडेसाहेबांनी फोन धरला होता. इंग्रिडबाईंनी तोच मजकूर मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून आणला होता, मायन्झाला पाठ नसेल तर वाचता यावा म्हणून. पुठ्ठा छातीशी धरून त्या तिच्याकडे बघून मान हलवत होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीला धीर देतात तशा.

साहेब म्हणाले, "बोला."

मायन्झानं पुठ्ठ्याकडे बघितलं नाही. ती इंग्रजीतच बोलली, सावकाश, म्हणजे ज्यांना ऐकवायचं त्यांना प्रत्येक शब्द कळावा.

"माझं नाव मायन्झा. हत्तीच्या कुळातली आहे. तो हत्ती माझा आजोबा होता, आणि त्याचा माग मीच दाखवला. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. गाव भुकेलं होतं म्हणून नाही दाखवला. त्यानं चोल्वेला मारलं म्हणून दाखवला. चोल्वे सतरा वर्षांची होती, भोपळे राखत होती. तुम्ही त्या हत्तीला नाव दिलंत, तीन दिवस त्याच्या नावानं रडलात. रडा. मलाही वाईट वाटलं. पण आमच्यात दुःखाच्या वेळी हसवायला यावं लागतं, आणि मला हसवायला कोण आलं होतं? चोल्वेची आई. ती आली आणि मी हसले. त्याची माफी मी मागणार नाही. तुमच्यापैकी एकीनं लिहिलंय, माझ्या पोरांना हत्तीनं तुडवावं म्हणजे मला कळेल. बाई, आम्हाला कळलेलंच आहे. तुमच्या गावात ठेवा एक हत्ती, मग आपण बोलू. पुन्हा असा दिवस आला तर मी पुन्हा माग दाखवीन, आणि ती हसवायला आली तर पुन्हा हसेन."

साहेबांनी फोन खाली घेतला.  ते म्हणाले की मुलीचं राहू दे. मुलीचं चांगलं आहे, लोकांना भिडेल. फक्त माग दाखवल्याचं काढू आणि शेवटचं वाक्य काढू. बाकी सगळं ठेवून परत एकदा घेऊ.

"नाही," मायन्झा म्हणाली. "आहे तसं पाठवा, नाहीतर पाठवू नका. कुणीही फोन धरला तरी मी हेच बोलेन."

"तुम्हाला कळतंय ना, म्हणजे काय होणार ते? मी काही करू शकणार नाही."

"कळतंय, साहेब. तुमच्यावर राग नाही."

इंग्रिडबाईंच्या हातातला पुठ्ठा खाली आला होता.  "पण तो इतका गरीब होता," त्या म्हणाल्या. "तीन पावलांवर उभा राहायचा. कधी कुणाला काही केलं नाही त्यानं."

"तुम्हाला," मायन्झा म्हणाली.

 मायन्झानं ॲप्रन काढून साहेबांच्या हातात दिला, स्वयंपाकघरात जाऊन आपल्या मालकीचा सुरा तेवढा घेतला, भट्टीतले पाव जळायच्या आत बाहेर काढून ठेवायला मदतनिसाला सांगितलं आणि चालू लागली. सहा मैलांची वाट. रस्ता ओलांडेपर्यंत तिचा राग टिकला. पलीकडे गेल्यावर ती एका गोरखचिंचेच्या मुळावर बसून मोठ्यानं रडली. वसतिगृहाचं काय, पुढच्या महिन्याचं काय, कशालाच उत्तर नव्हतं. केलं त्याचा पश्चात्ताप होतोय का, हे तिनं चाचपून बघितलं. होत नव्हता. मग ती उठली.

बातमी तिच्या आधी गावात पोचली होती. लॉजवरचा माळी सायकलवरून पुढे गेला होता, आणि तो कधी पोटात काही ठेवत नसे. मायन्झा काय काय बोलली ते त्यानं शब्दन् शब्द सांगितलं होतं, थोडं पदरचं घालून. पुन्हा बसवलेल्या हातपंपावर आठदहा बायका बादल्या लावून उभ्या होत्या. त्या तिला बघू लागल्या. कुणी पुढे येईना. चोल्वेची आई पंपाच्या कठड्यावर बसली होती. तिनं मायन्झाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ती उठून बाजूला झाली नाही, हात जोडले नाहीत, खुशाली विचारली नाही.

"बघा गं, बघा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लॉजवरचं पांढरं पीठ खाऊन माजली होती, आज हाकलली. एवढं मोठं धूड, आता खाणार काय? सगळं गाव हत्तीचं मांस वाळवून बसलंय, आणि हिला तेवढंच चालत नाही."

बायका मायन्झाकडे वळल्या. तिचे डोळे अजून लाल होते. तिनं सुरा कमरेला खोचला, रांग मोडून सरळ पुढे गेली, चोल्वेच्या आईची भरलेली बादली उचलली आणि उभ्या उभ्या अर्धी पिऊन टाकली.

"खाणार काय म्हणजे?" ती तोंड पुसत म्हणाली. "तुझी कणगी आहे ना. उद्या पहाटे येते, माझा आजा यायचा तशी. शेळीच्या अंगात दम असेल तर बोलाव बंदूकवाल्याला. आणि माग काढणाऱ्यांना सांग, दोन्ही टाचांना भेगा आहेत, चुकायचं कारण नाही."

 मग चोल्वेची आई हसली. आधी नुसता घशातून आवाज आला, खोकल्यासारखा, मग तिला बसवेना, ती कठड्यावरून खाली चिखलात बसली आणि मांडीवर थापा मारत हसत राहिली, आणि हसता हसताच तिनं लेकीचं नाव घेऊन हंबरडा फोडला. मायन्झा तिच्याशेजारी चिखलातच बसली आणि तिनं तिला पोटाशी घेतलं. बाकीच्या बायकांनी बादल्या बाजूला सारून दोघींभोवती जागा केली.